ऑर्मस्टेडचा दरवान बसत नाही

ऑर्मस्टेड शाळेच्या जुन्या शिक्षकांत एक म्हण होती : इथे एखादी गोष्ट एकदा घडली तर ती चूक, दोनदा घडली तर रीत, आणि तिसऱ्यांदा घडली की ती संस्थापकांनीच घालून दिलेली. म्हण कोणी रचली याची नोंद सापडत नाही. पण तिचा पडताळा दर गुरुवारी भोजनगृहात येई. एका गुरुवारी भट्टी विझली म्हणून मुलांना थंड मासा आणि मोहरीची चटणी वाढली गेली. पुढच्या गुरुवारपर्यंत भट्टी दुरुस्त झाली नाही. तेव्हापासून सारी शाळा 'संस्थापकांचा मासा' तोंड वाकडे करून, पण अभिमानाने खात आली.

वॉल्टर गॅदरकोल हा त्या शाळेच्या देवडीवरचा दरवान. मुले त्याला 'ओस्टी' म्हणत. द्वारपालाच्या लॅटिन नावाचा मुलांनी कुरतडून उरवलेला तो तुकडा. सकाळी प्रार्थनेसाठी चॅपेलला जाताना, दुपारी मैदानावरून परतताना आणि संध्याकाळी हजेरीला अख्खी शाळा कमानीखालून त्याच्यासमोरून जाई, आणि तो उभा असे. देवडीत शेगडी होती, किल्ल्यांची फळी होती, छत्र्यांचे पिंप होते. खुर्ची मात्र नव्हती.

त्या वसंतात डॉक्टरांनी त्याचा उजवा गुडघा दाबून पाहिला आणि चष्मा काढला. "गॅदरकोल, एक तर बसायला लागा, नाहीतर काम सोडा."

काम सोडायचे म्हणजे फाटकालगतचे घर सोडायचे. ते नोकरीबरोबर मिळाले होते आणि तिच्याबरोबरच जाणार होते. तेव्हा उरले ते एवढेच : वॉल्टरला एक खुर्ची हवी होती.

"मग माग की," डोरीन म्हणाली. डोरीन त्याची बायको. शाळेच्या कपड्यांच्या कोठीत चादरींच्या घड्या घालता घालता तिची स्वतःचीच घडी व्हायची वेळ आली होती.

"दरवान बसत नाही, डोरीन."

"असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे आता म्हणतात. आधी कोण म्हणालं?"

वॉल्टरने चहात आणखी दूध ओतले. आधी तोच म्हणाला होता.

महायुद्ध संपल्यावरच्या हिवाळ्यात तो कामावर आला, तेव्हा देवडीत वेताची एक खुर्ची होती. तिचे वेत तुटले होते म्हणून त्याने ती सुताराकडे पाठवली. त्या हिवाळ्यात कोळसा मिळत नव्हता आणि सुतारही गारठला होता; खुर्चीचे पुढे काय झाले असावे याचा तर्क कोणालाही करता येईल. कार्यालयाने 'पुढच्या सत्रात बघू' असे सांगितले आणि ते पुढचे सत्र कधी उगवले नाही. अशात एका मुलाच्या आईने फाटकात विचारले, "इतक्या जुन्या शाळेत दरवानाला साधी खुर्ची नाही?" शाळेची लाज आपल्या अंगावर आल्यासारखा वॉल्टर ताठ झाला आणि बोलून गेला, "ऑर्मस्टेडचा दरवान बसत नाही, बाईसाहेब. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवी युद्धात राजाचे घोडेस्वार आले, तेव्हा इथला दरवान उजाडेपर्यंत फाटक अडवून उभा होता. तेव्हापासून."

त्या बाजूला राजाचा एकही घोडेस्वार फिरकल्याचा पुरावा नाही. पण पुढच्या वर्षी ही हकीकत शाळेच्या माहितीपत्रकात छापून आली. त्यानंतर शाळागीतात तिचे कडवे झाले. मुले येता-जाता म्हणत, "ओस्टी, घोडेसुद्धा उभ्यानेच झोपतात म्हणे!" आणि वॉल्टर म्हणे, "झोपतात, आणि मास्तर तर चालता-बोलता झोपतात. चला, टोपी सरळ करा." मुले हसत. वर्षे सरली आणि गुडघ्यातले वंगण आटत गेले.

अखेर तो मुख्याध्यापकांकडे गेला. डॉ. सेलविन मनाने चांगले गृहस्थ होते. कोणाचे दुःख ऐकले की त्यांना आधी एखादा समारंभ सुचे.

"खुर्ची!" ते उठूनच उभे राहिले. "गॅदरकोल, इतकी वर्षं तुम्ही उभे राहिलात आणि आम्ही काय केलं? काहीच नाही!"

"साधी चालेल, सर. स्वयंपाकघरातली एखादी."

"छे, छे. साधी कशी चालेल?"

साधी चालली नाही. माजी विद्यार्थ्यांनी ओक लाकडाची खुर्ची घडवून घेतली, पाठीवर 'मी उभा राहिलो' अशा अर्थाचा लॅटिन शब्द कोरवला, आणि संस्थापक दिनी मोठ्या दालनात, सगळ्या शाळेसमोर वॉल्टरला तीत बसवले. डॉ. सेलविन राजाच्या घोडेस्वारांविषयी बोलले. वॉल्टरने डोळे मिटले. गुडघा हळूहळू सैल होत होता, जणू कोणी आतली गाठ सोडवत होते. एवढ्यात टाळ्या झाल्या, कोणीतरी त्याच्या दंडाला धरून त्याला उभे केले आणि खुर्चीभोवती लाल दोरी बांधण्यात आली. खुर्ची दालनातच राहणार होती. दरवानाने तीत वर्षातून एकदा बसायचे होते.

"झालं बसून?" घरी डोरीनने विचारले.

"झालं."

"मऊ होती?"

"कळायच्या आत उठवलं."

डोरीन हसली नाही. तिने त्याचा बूट काढला, पाय स्टुलावर ठेवला आणि बराच वेळ सुजेकडे बघत राहिली. "त्यांच्याकडे मागितलंस की ते देतात, वॉल्टर. देतात आणि दोरी बांधतात. आता मागू नकोस. इथं गोष्टी कशा होतात ते तुला माहीत आहे."

सोमवारी सकाळी चॅपेलची घंटा वाजायच्या आधी त्याने घरातली निळ्या रंगाची खुर्ची उचलली, कमानीखाली आणून ठेवली आणि तीत बसला. ती थोडी डुगडुगत होती. मुलांची रांग आली आणि त्याच्यासमोर येऊन पाण्यासारखी तुंबली. शेवटी विद्यार्थीप्रमुख पुढे आला.

"ओस्टी, बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग... म्हणजे, तुम्ही बसला आहात."

"हो, बसलोय. घंटा संपत आली, चला."

दरवानाला चक्कर आली अशी बातमी शिक्षकांच्या खोलीत पोहोचली. चूक सगळ्यांनी समजून घेतली. मंगळवारी मात्र तो पुन्हा बसला. या वेळी रांग तुंबली नाही, फक्त जराशी मंदावली. मागून कुजबूज ऐकू आली, "काल पण बसला होता." बुधवारी सकाळी तो खुर्ची घेऊन आला तेव्हा कमानीखाली डॉ. सेलविन झगा सावरत उभे होते. घर, डोरीन, खिडकीतली तिची जिरेनियमची कुंडी, सारे वॉल्टरच्या डोळ्यांपुढून गेले. तरी त्याने खुर्ची खाली ठेवली आणि बसला.

"गॅदरकोल," मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले, "हे काय?"

"सर, मी काल पण बसलो होतो."

"असं ऐकलं."

"आणि परवा."

डॉ. सेलविन यांनी कमानीच्या दगडांकडे पाहिले, निळ्या खुर्चीकडे पाहिले, आणि आपल्याच शाळेच्या कायद्यात सापडलेल्या माणसासारखा एक सुस्कारा सोडला. "तीनदा," ते म्हणाले. "मग आता प्रश्नच मिटला." घंटा वाजू लागली. जाता जाता त्यांनी टोपीला हात लावला.

उन्हाळ्याच्या सत्रात एका नव्या मुलाची आई फाटकाशी थांबली. "दरवानानं बसूनच शाळेला सामोरं जायचं, अशी इथली फार जुनी पद्धत आहे म्हणे? यामागे काहीतरी कथा असेलच ना?"

वॉल्टरने तोंड उघडले. मग मिटले. गुडघ्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "पाय दुखतो, बाईसाहेब."

बाई हसल्या आणि खरी कथा ऐकायला तशाच उभ्या राहिल्या.