एक सँडल विटलेला

लोणावळ्याच्या बाजारात चाँदबीची ओळख दोन गोष्टींची: हातची नानखटाई आणि पायातली वहाण. खटाईचं नवल नाही. नवरा महंमद बेकरीत भट्टीवर कामाला, तेव्हा तेवढी विद्या घरात आपसूक आली. पण भट्टीवाल्याच्या बायकोला वहाणांचा एवढा सोस कशासाठी, हे काही गल्लीला उमजत नव्हतं. लुगड्याला ठिगळ असेल, पण पायात पट्ट्याचं, बक्कलाचं, काहीतरी ऐटदार हवंच. "अंथरूण पाहून पाय पसरावेत गं," सासू म्हणायची. "पसरते कुटं? झाकते," असं म्हणून ही चालू लागायची.

त्या झाकण्यातच गोम होती. चाँदबी परंदवडीची. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली ती अनवाणी. बैलगाडीतून उतरताना थोरल्या नणंदेनं, अकबरीनं, तिचे पाय पाहिले आणि चार बायकांत म्हणाली, "अगं बया, हिच्या भेगांत आणा ठेवला तर सांडायचा न्हाई." बायका हसल्या. अकबरी पुढं पुण्याला बिऱ्हाड करून राहिली, मोठी झाली, पण ते हसू चाँदबीच्या मनातून काही गेलं नाही.

वहाण घेणं म्हणजे तिच्यापुरती लढाईच. मकसूदच्या दुकानात शनिवार-रविवारी ती पाऊल टाकत नसे. मुंबईची माणसं आली की त्याचे भाव चढायचे. मंगळवारी दुपारी जायचं, तो डुलक्या घेत असताना. जो जोड हवा त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. आधी सगळ्यात महागडा काढायला लावायचा, त्याच्या टाचेवर टिचकी मारायची, तोंड वाकडं करायचं आणि मग जाता जाता विचारायचं, "हे काय पडलंय कोपऱ्यात?" मकसूद सगळं ओळखून होता. "मावशी, तुमच्यासारखी आणखी दोन गिऱ्हाइकं असती तर मी कधीच फकीर झालो असतो," म्हणायचा, आणि वर चहा मागवायचा.

गव्हाशिवायच्या खटाईचं प्रकरण सुरू झालं ते चौसष्ट साली, रेल्वे क्वार्टरातल्या लीलाबाईंमुळं. त्यांचे यजमान गार्ड. मुलगी सुलभा सहा वर्षांची, पण अंगानं चार वर्षांच्या पोरीएवढी. पोट पुढं आलेलं, हातपाय काड्या, आणि दिवसातून आठ वेळा परसाकडं. औषधं झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या आतड्यांना गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, बिस्किट, सगळं बंद, चिमूटभरसुद्धा नको. गहू म्हणजे पाहुण्याला करून घालायचं खाणं, ते कुणाला विष कसं होईल, हे चाँदबीला पटायला आठ दिवस लागले. पण तिनं लीलाबाईंच्या ओट्यावर खटाईचा डबा उघडला आणि सुलूनं आपणहून दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले, तेव्हा तिला फार वाईट वाटलं. सहा वर्षांच्या पोरीनं इतकं शहाणं होऊ नये.

तिनं नाचणी धरली. पहिला घाणा हातात घेताच भुरभुरला, दुसऱ्याचे दगड झाले, तिसरा गल्लीतल्या कुत्र्यानं हुंगून सोडला. "मैदा धरून ठेवतो. नाचणीत तो चिकटपणा कुठून आणणार तू?" महंमद म्हणाला. वीस वर्षं भट्टीवर राबलेला माणूस, पण उत्तर मिळालं ते बायडाबाईकडून. बायडाबाई वरच्या डोंगरवाडीतली, मोळी घेऊन बाजाराला यायची. तुझी नाचणीची भाकरी तुटत कशी नाही, असं चाँदबीनं तिला विचारलं. "उकड काढायची. थंड पान्यानं थापली तर फुटंल न्हाई तर काय व्हईल?"

एवढंच काय ते. चाँदबीनं थोड्या तांदळाच्या पिठाची उकड काढली, ती फेसलेल्या तूपसाखरेत मळली, मग नाचणीचं पीठ आणि वेलदोडा. पातेल्यात वाळू तापवली, आत ताटली ठेवली, झाकणावर निखारे रचले. खटाई निघाली ती तांबूस, वर बारीक भेग पडलेली, तोंडात घालताच विरघळणारी. सुलूनं पहिली खटाई दोन्ही हातांनी धरून खाल्ली आणि सांडलेला चुरा बोटानं टिपून घेतला.

लीलाबाईंची अट एकच होती: पीठ गिरणीचं नको. गिरणीच्या दगडात आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ राहतंच, हे दळण घेऊन जाणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. चाँदबीच्या घरच्या जात्यावरही नको, कारण त्यानं जन्मभर गहू खाल्लेला. म्हणजे पुन्हा बायडाबाईच. तुझ्या जात्यावर गहू कधी दळला होतास, विचारलं तर ती हसायलाच लागली. "गहू? त्यो आमच्याकडं कोन आननार? भात, नाचनी, वरई, दुसरं काय ठावं न्हाई त्याला." चाँदबीनं शब्द दिला. बायडाबाईनं दळून आणायचं, चाँदबीनं खटाई करायची, आणि लीलाबाईंनी डबा परत करताना त्यात मूठभर साखर नाहीतर तांदूळ घालायचे. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, ही रीत दोघींच्या घरी सारखीच. तीन वर्षं असं चाललं. सुलू भरली, मैदानावर पळायला लागली. ती पळताना दिसली की चाँदबीला मूठभर मांस चढायचं.

सदुसष्ट साली पावसाळा सरता सरता दोन गोष्टी एकदम आल्या. अकबरीच्या धाकट्या मुलाचं पुण्यात लग्न ठरलं, आणि मकसूदच्या शोकेसमधल्या एका जोडावर चाँदबीचं मन बसलं. चॉकलेटी सँडल, टोकदार, दोन बोटं टाच, वर पितळी बक्कल. ती रोज मान दुसरीकडं वळवून त्याच्यावरून जायची, त्यावरूनच मकसूदनं ओळखलं. "मावशी, स्वस्तात देतो, पण खोट आहे." काचेत कायम डावाच मांडलेला, उजवा खोक्यात. उन्हाळाभर ऊन खाऊन डावा पार विटला होता आणि उजवा होता तसा गडद. स्वस्त झाला तरी चार-पाच डबे खटाई जास्तीची विकल्याशिवाय तो पायात येणार नव्हता.

मुंबईकरांच्या बंगल्यांतून नाचणीच्या खटाईला मागणी होतीच. पण बायडाबाईचं मनगट सुजलेलं, डोंगराची वाट निसरडी, आणि एका आठवड्यात ती आलीच नाही. चाँदबीनं बाजारातून नाचणी घेतली आणि सखारामची गिरणी गाठली. "आधी तांदूळ घाल, दगड साफ कर," ती म्हणाली. "मघाशीच केलाय की," पट्टा चढवत सखाराम म्हणाला. पीठ तिनं चिमटीत घेऊन पाहिलं. बायडाबाईच्या पिठासारखंच दिसत होतं, उलट जरा बारीकच. दळलं होतं ते बंगल्यांसाठी. पण लीलाबाईंचा डबा भरायला बसली तेव्हा बायडाबाईचं पीठ संपलेलं होतं. या खेपेपुरतं, असं ती मनाशी म्हणाली. पुढच्या खेपेला तिनं सखारामला तांदळाचं विचारलंसुद्धा नाही.

सँडल घरी आले. काताच्या पाण्यात बुटाचं पॉलिश कालवून तिनं डाव्यावर दोन हात दिले, सुकवला आणि उजव्याशेजारी ठेवून लांबून पाहिलं. कोण ओळखणार आहे? अकबरीला तर आता चष्मा लागलाय.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा पायाला सवय व्हावी म्हणून तेच सँडल घालून ती क्वार्टरात गेली. हातात भरलेला डबा, वर भुरभुर पाऊस. सँडल ओट्यावर काढून आत गेली तर लीलाबाईंचा चेहरा उतरलेला. सुलूचं पोट पुन्हा बिघडलं होतं.

"पंधरा दिवस झाले हो," लीलाबाई म्हणाल्या. "मी एकेक बंद करत चालले आहे. हिंग बंद केला, दूध बंद केलं, बाहेरचं पाणी बंद केलं. आता नुसता भात आणि तुमची खटाई. ती एक बिनघोर आहे बघा. काल सहा खाल्ल्या तिनं."

चाँदबीनं उघडायला घेतलेलं झाकण पुन्हा दाबून बसवलं. डबा अजून तिच्या मांडीवरच होता. काहीतरी निमित्त सांगून उठली असती, उद्या वाडीवर जाऊन चांगलं पीठ आणलं असतं, तर पोर बरी झाली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं; असल्या वेळी माझ्या मनात असं येणार नाही, असं म्हणणारा माणूस खोटारडा. पण 'सहा खाल्ल्या' हे तिच्या कानातून जाईना. आईनं विश्वासानं पोरीला भरवल्या होत्या.

तेवढ्यात ओट्यावर टक टक वाजलं. सुलू चाँदबीचे सँडल घालून चालत होती. पुन्हा काड्या झालेले ते पाय त्या सँडलांत नुसते लडबडत होते. "चाँदमावशी, बघ, वाजतात," ती म्हणाली. मग खाली वाकली. ओल्या फरशीवर दर डाव्या पावलाला एकेक तांबडा डाग उमटला होता, आणि तिची टाच न् बोटं काताच्या रंगानं माखली होती. "आई, याचा रंग जातोय गं."

"लीलाबाई," चाँदबी म्हणाली, "पीठ गिरनीचं हाय."

लीलाबाईंना आधी कळेचना. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"तीन खेपा झाल्या."

"का?"

चाँदबीनं ओट्याकडं बोट केलं. "त्या जोडापायी. घाई झाली मला."

लीलाबाई ताडताड बोलल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या उठल्या, आतून मागच्या खेपेचा डबा आणला आणि तिच्या हातात दिला. हातात येताच चाँदबीला कळलं. डबा रिकामा होता. सुलू दारात येऊन उभी राहिली. "आज खटाई नाही?"

"आज न्हाई बाळा," चाँदबी म्हणाली. दोन्ही डबे बगलेत आणि सँडल हातात घेऊन ती अनवाणी घरी आली. त्या खटाया गल्लीतल्या पोरांनी फस्त केल्या. त्यांना काय, त्यांना गोडच लागल्या.

लग्नाला ती जुन्या वहाणांत गेली. अकबरीनं तिच्या पायांकडं पाहिलंच नाही. तिचे स्वतःचे पाय सुजून भोपळे झालेले, ती मांडवात एका जागी बसून होती. त्या जुन्या बोलण्याची तिला आठवणसुद्धा नसावी. तीस वर्षं आपण हे काय उराशी धरून बसलो, असं वाटून चाँदबीला स्वतःची लाज वाटली.

पुण्याहून आली ती दुसऱ्याच दिवशी डोंगरवाडी चढली. बायडाबाईचं मनगट अजून बांधलेलंच होतं. चाँदबी जात्यापाशी बसली आणि तिनं खुंटा धरला. "तू कशाला गं?" बायडाबाई म्हणाली. "दळन माझं हाय," ही म्हणाली आणि ओढायला लागली. मग दर आठवड्याला तिचा तो नेम झाला. बंगल्यांची निम्मी मागणी तिनं सोडून दिली. लीलाबाईंकडं मात्र गेली नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी लीलाबाईच दारात उभ्या राहिल्या. बरोबर सुलू, तोंडावर जरा तेज आलेलं. "कालपासून रडते आहे, खटाई पाहिजे म्हणून," लीलाबाई म्हणाल्या. "पीठ कुठलं आहे?"

"बायडाबाईच्या जात्यावरचं. मी सोता दळलंय."

लीलाबाईंनी तिच्या तळहाताकडं पाहिलं. खुंट्यानं आलेले फोड फुटून घट्टे धरत होते. "करा," त्या म्हणाल्या, "मी बसते." आणि उकड काढण्यापासून निखारे उतरवेपर्यंत त्या चुलीपाशी बसून राहिल्या. गप्पांना नव्हे, नजर ठेवायला बसल्या होत्या. चाँदबीला त्याचा राग आला नाही. त्यांच्या जागी तीही बसली असती.

आठ दिवसांनी डबा परत आला तो रिकामा. पुढच्या खेपेलाही रिकामा. चाँदबी दर वेळी झाकण उघडायची, बघायची, आणि डबा घासून पुन्हा भरायची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुलू धावत डबा देऊन गेली. चाँदबीनं झाकण काढलं तर आत मूठभर तांदूळ होते. ती तो डबा मांडीवर घेऊन चुलीपुढं बसली आणि तिला रडू आवरेना.

सँडल तिनं कधीच घातले नाहीत. डाव्याचा रंग धुऊन काढला तेव्हा तो होता तसा विटका निघाला. मग पावसाळा सोडून बाकीचे महिने ती उजवा सँडल खिडकीत उन्हाला ठेवायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिचं डोकं फिरलंय, एकाच पायाला ऊन दाखवते.

चौऱ्याहत्तर साली सुलू मॅट्रिक झाली आणि रोज गाडीनं पुण्याच्या कॉलेजात जायचं ठरलं. पाया पडायला आली तेव्हा चांगली आईच्या कानाएवढी झाली होती. चाँदबीनं ट्रंकेतून तो जोड काढून तिच्यापुढं ठेवला. दोन्ही आता एकाच रंगाचे होते, फिक्या चहासारखे. "नवे न्हाईत हां," ती म्हणाली. "आवडले तर घाल."

सुलूनं डावा पाय घातला, मग उजवा. दोन्ही बरोबर बसले. ती उठून फरशीवर दोन पावलं चालली. "वाजतात अजून," ती म्हणाली आणि हसत हसत एक सँडल काढून तळवा बघितला. "मावशी, रंग नाही ना जाणार?"

"न्हाई," चाँदबी म्हणाली. "जायचा तेवढा कवाच गेला." आणि गाडीत खायला खटाई बांधून द्यायला ती आत गेली.