जाळीमागचे दिवे

भंगारातून उचलून मी उभी केलेली गाडी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात दिसली आणि डोकं फिरलं. मी गावी असताना भागीदार दिलीपने ती परस्पर विकली होती.

साठच्या दशकातली ही दांडगी अमेरिकन गाडी. पुढचे दिवे जाळीमागे लपलेले. दिवे लावले की इंजिन हवा ओढतं आणि त्यांची झाकणं उघडतात, उजवं जरा रेंगाळत. दारांवरच्या खाचा हवेसाठी वाटतात, पण आत नुसता पत्रा. दिलीपचं हसू तसंच. फरक इतकाच, की खाचेत बोट घालून खोटं तपासता येतं. माणसात बोट कुठे घालणार?

"काय शेठ, अजून फुगलेलेच?" तो शेजारी येऊन म्हणाला. "अहो, गाडीच होती!"

"तुझ्या बापाची होती का?"

नवा मालक मध्ये पडला. "साहेब, गाडी तुम्हीच उभी केलीत ना? उजवं झाकण अडतं. जरा बघता का?"

"गाडी मला विका, लगेच बघतो. भाव तुम्ही सांगा." उभ्या आयुष्यात हे वाक्य मी कुणाला ऐकवलं नव्हतं.

त्याने बोनेटवर हात ठेवला. "मेलो तरी विकणार नाही."

मीही हेच म्हणालो असतो. मला कुणी विचारलंच नाही.