अर्जाची पोच

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या जून महिन्यात स्वप्नाला कारखान्यात काम मिळाले. ते टिकेल असा भरवसा घरात कोणालाच नव्हता. खुद्द स्वप्नालाही नव्हता. तिचे घर वसईच्या खाडीकाठी, उमेळे गावात. घरात सासू पुतळाबाई आणि नवरा श्रीरंग. श्रीरंग दुसऱ्याचा टेम्पो चालवीत असे, आणि मालकाचे मन फिरले की पंधरा पंधरा दिवस ओसरीवर बसून राहत असे. त्यामुळे स्वप्नाच्या हाती आलेल्या नेमणुकीच्या पत्राला त्या घरात मोठा मान होता. पुतळाबाईंनी ते देवाच्या फळीवर ठेवले होते. सहा महिने प्रोबेशन, काम पसंत पडल्यास कायम, असे त्यात लिहिले होते. कायम या एका शब्दासाठी स्वप्ना रोज चालत रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत जात होती.

कारखाना बॉलपेनांचा होता. लांब टेबलापाशी चौदा बायका बसत. नळीत कांडी घालायची, टोपण बसवायचे, कागदावर एक रेघ ओढून पेन चालते की नाही ते पाहायचे. शाईचा वास दिवसभर नाकात राही. पहिले दोन महिने स्वप्नाला त्याचे काही वाटले नाही. पुढे गणेशोत्सव उलटला, आणि त्या वासाने तिच्या पोटात ढवळू लागले. दिवस राहिले होते.

पुतळाबाईंना हे कळताच त्यांनी आनंद केला, आणि लगेच सुनेला बजावले, "तिसरा सरेपर्यंत कोनाला म्हनून सांगायचं नाही. शेजारी नाही, कंपनीत तर नाहीच नाही."

"आणि मला ओकाऱ्या होतात त्या?"

"पित्त म्हनून सांग. पित्त कोनाला होत नाही?"

स्वप्नाने तसेच सांगितले. दोनदा तिला टेबलावरून उठून धावावे लागले, आणि एकदा अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागली. रजेच्या वहीत कारणापुढे तिने स्वतःच्या हाताने लिहिले, पित्त. खोटे बोलतो आहोत असे तिच्या मनातही आले नाही. त्यांच्याकडे सगळ्याच बायका असेच करीत आल्या होत्या.

नोव्हेंबरात तिसरा महिना भरत आला, तेव्हा पुतळाबाईंनी रीतीप्रमाणे चोरचोळी केली. हिरव्या खणाची चोळी शिवून घेतली, आणि गाजावाजा न करता सकाळी स्वयंपाकघरातच सुनेची ओटी भरून ती तिला घालायला दिली. "आज दिवस मावळेपर्यंत अंगावरून काढायची नाही," असे त्यांचे म्हणणे पडले. तो गुरुवार होता, कामाचा दिवस. स्वप्ना म्हणाली, "आई, रविवारी करू या की." परंतु पुतळाबाईंनी दिवस विचारून आणला होता. वादात शिरण्याइतके बळ स्वप्नाच्या अंगात उरले नव्हते. तिने चोळी घातली, तीवरून कारखान्याचा निळा एप्रन चढवला, आणि ती कामाला गेली.

एप्रनच्या बाह्या आखूड होत्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत धोंडूबाईची नजर त्या हिरव्या काठावर गेली. धोंडूबाई टेबलावरची सर्वांत जुनी बाई. बायकांच्या कामावर तिचीच देखरेख असे.

"अगं स्वप्ने," ती मोठ्याने म्हणाली, "ही कोरी करकरीत चोळी कुणी दिली गं? पित्ताला चोळी देतात होय तुमच्याकडे?"

टेबलावर एकच हशा उठला. एकीने आपल्या डब्यातले लोणचे तिच्यापुढे सरकवले. दुसरी म्हणाली, "मुलगा झाला तर नाव पित्तांबर ठेव!" स्वप्नाही हसली. इतक्या दिवसांत प्रथमच तिला कोणापासून काही लपवावे लागत नव्हते. धोंडूबाईच्या मनात काही वाईट नव्हते. पण तिचा आवाज मोठा होता, आणि ऑफिसचे दार उघडे होते.

तीन वाजता मॅनेजर जितेंद्रसाहेबांनी स्वप्नाला आत बोलावले. समोर रजेची वही उघडी होती.

"पित्त लिहिलंय इथं. अक्षर तुझंच ना?"

"हो साहेब."

"म्हणजे तू कंपनीशी खोटं बोललीस."

"साहेब, आमच्यात तिसऱ्यापर्यंत सांगत नाहीत."

"तुमच्यात नसतील सांगत. हे घर नाही, कंपनी आहे. प्रोबेशनवर आहेस तू. मी आजसुद्धा काढू शकतो. पण वाईट रिमार्क मारत नाही तुझ्या नावावर. हे घे." त्यांनी टाईप केलेला कागद पुढे केला. घरगुती कारणास्तव मी नोकरीचा राजीनामा देत आहे, असे त्यात होते. खाली सहीपुरती जागा मोकळी होती. "बाळ मोठं झालं की ये परत. बघू तेव्हा काय ते."

"घरी विचारते, साहेब."

"विचार. उद्या सकाळी सही करून आण."

स्वप्नाने घरी जाऊन तो कागद सासूपुढे ठेवला आणि ती भिंतीला टेकून बसली. श्रीरंगने कागद वाचून दाखवला व तो म्हणाला, "करून टाक सही. अशा अवस्थेत किती दिवस ओढशील?" त्याचे म्हणणे प्रेमाचे होते, म्हणूनच ते नाकारणे तिला जड गेले. सही केली की उद्या झोपता येईल, हा विचार तिच्याही मनात आला, आणि तो तिला गोड वाटला.

पुतळाबाईंनी मात्र कागदाची घडी करून ती कनवटीला खोचली. मग उठून त्यांनी पायांत चपला घातल्या. "घोटाला मी केलाय. चल, ॲन्सेल्मभाऊकडं जाऊ."

ॲन्सेल्मभाऊ आणि पुतळाबाईंचे दिवंगत यजमान जयराम यांनी मुंबईत एकाच कंपनीत वीस वर्षे काढली होती. भाऊ तेथील कामगार युनियनचे चिटणीस होते, आणि आता नंदाखालला आपली केळीची बाग पाहत होते. सासू-सुना एस.टी.ने पोचल्या तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता. भाऊंनी पाण्याचा पंप बंद केला, हात पुसले, चष्मा लावला आणि तो कागद दोनदा वाचला.

"सही केलीस?"

"नाही."

"मग वाचलीस. कामाचे दिवस किती भरले तुझे?"

जून ते नोव्हेंबर, रविवार आणि सुट्ट्या वगळून, स्वप्नाने बोटांवर हिशेब केला. "सव्वाशे तरी होतील."

"कायद्याला ऐंशी लागतात, बाळंतपणाच्या तारखेमागच्या वर्षभरात. त्यात प्रोबेशन आणि कायम असा भेद नाही. गरोदर आहे म्हणून ते तुला काढू शकत नाहीत. काढलंच, तरी बाळंतपणाचा हक्क जात नाही. पण तू आपण होऊन राजीनामा दिलास, तर कायदा काय करणार बिचारा?"

"आणि ते पित्त?" पुतळाबाईंनी भीत भीत विचारले.

"पुतळाबाय, पोट दिसायच्या आत मालकाला सांगायला पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. रजेवर जाण्याआधी लेखी कळवायचं, एवढंच." मग ते स्वप्नाकडे वळले. "आता नीट ऐक, पोरी. ते पोटाचं नाव घेणार नाहीत. काम बरोबर नाही म्हणतील. प्रोबेशनमध्ये तेवढं त्यांच्या हातात असतं. म्हणून एक दिवस उशीर नाही, एक पेन परत येता कामा नये. जमेल?"

स्वप्नाला रडू आले. आपल्याला न्याय मिळणार आहे असे ऐकून मनुष्याला हुरूप यावा. तिला मात्र पुढचे महिने डोळ्यांसमोर दिसले, आणि त्यांच्या ओझ्यानेच ती थकून गेली. "जमवीन," ती म्हणाली.

भाऊंनी तिलाच अर्ज लिहायला लावला. दोन प्रती. मी गरोदर आहे, दवाखान्याच्या कागदाप्रमाणे बाळंतपण मे महिन्यात आहे, कायद्याप्रमाणे रजा मिळावी. "एक प्रत द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. शिक्का आणि तारीख. पोच नसेल तर तू अर्ज दिलाच नाहीस, असं समज."

सकाळी पुतळाबाई तिच्याबरोबर कारखान्यात गेल्या. जितेंद्रसाहेबांनी अर्ज वाचला आणि बाजूला सारला. "ठेव. बघतो."

"पोच पाहिजे, साहेब."

"कुणी शिकवलं हे?"

स्वप्नाने अर्जाची दुसरी प्रत पुढे केली. तेव्हा दारातून पुतळाबाई म्हणाल्या, "पित्त सांग म्हनून मीच शिकवलं साहेब तिला. खोटं माझं हाय. तुमच्या आईनं तुमच्या वेलेला पयल्या महिन्यात दवंडी पिटली होती काय?"

कोपऱ्यात टाईप करणाऱ्या पिंकीने पटकन तोंडाला रुमाल लावला. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते बराच वेळ दुसऱ्याच फायली चाळत राहिले. स्वप्नाच्या पायांना मुंग्या आल्या, पण खुर्ची कोणी दिली नाही. अखेर साहेब वर न पाहता म्हणाले, "पिंकी, शिक्का मार. आणि दोघींना बाहेर ने."

पुढे कोणी तिला काढले नाही, आणि सुखानेही राहू दिले नाही. तिला टेबलावरून उठवून उभ्याने खोकी बांधायच्या कामावर लावले. डिसेंबरात कायम केल्याचे पत्र येण्याऐवजी प्रोबेशन वाढवल्याचे पत्र आले. तीन महिन्यांनी पुन्हा तसेच. धोंडूबाईला आपल्या आवाजाचा पश्चात्ताप झाला होता. साहेब जेवायला गेले की ती स्वप्नाला रिकाम्या खोक्यावर बसवून स्वतः दोऱ्या बांधी. स्वप्ना एक दिवसही उशिरा गेली नाही. तिचे एकही खोके परत आले नाही. या काळात ती घरी कोणाशी फारसे बोलत नसे. जेवताना घास हातात धरून तिला डुलकी लागे.

एप्रिलमध्ये तिला बारा आठवड्यांची पगारी रजा मिळाली. मे महिन्यात मुलगी झाली. जुलैमध्ये ती पुन्हा कामावर रुजू झाली, आणि पुढच्या महिन्यात कायम केल्याचे पत्र मिळाले. ते तिने घडी करून पाकिटात ठेवले व पुन्हा टेबलाकडे गेली. आनंद करायला तेव्हा वेळ नव्हता. कामाची पाळी चालू होती.

लहान मूल असलेल्या बाईला दूध पाजण्यासाठी कामातून दोन वेळा सवलत मिळते, हेही भाऊंनी सांगून ठेवले होते. त्याप्रमाणे पुतळाबाई रोज अकरा वाजता आणि तीन वाजता नातीला कडेवर घेऊन फाटकापाशी येत. रखवालदाराच्या खोलीत एक बाक होता. त्यावर बसून, पदराआड मुलीला घेऊन, स्वप्ना भिंतीला डोके टेकी, आणि मुलीच्या आधी तिचाच डोळा लागे.

पुतळाबाई घड्याळाकडे पाहत तिच्याजवळ उभ्या राहत. रखवालदाराने खूण केली तरी त्या आणखी क्षणभर थांबत. मग मुलीला हलकेच काढून घेत आणि सुनेच्या खांद्याला हात लावीत.

"उठ गं बाय. टायम झाला."