थंड पाइपातले तीन ठोके

आमच्या कारखान्यात कुणाला काही 'दिसलं' की लोक त्याला माझ्याकडे आणून सोडायचे. मी त्याला चहा पाजायचो, चार शिव्या घालायचो आणि कामाला लावायचो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी हे लिहितोय... हसायचं तर खुशाल हसा.

पंचेचाळीस साली लढाई संपली, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा फलटणकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होतो. पाचगणीला माई नावाच्या एक विधवा बाई राहायच्या, वय पासष्टीचं. बंगला मूळचा एका गोऱ्या साहेबाचा. त्यानं हौसेनं घरभर वाफेची ऊब खेळवली होती — तळघरात कोळशाचा छोटा बॉयलर, तिथून पाइप, आणि खोलीखोलीत बिडाच्या उभ्या नळ्यांचे रेडिएटर. भट्टी मात्र हातानं सांभाळायची. त्यामुळे खोली एक तर तव्यासारखी तापायची, नाहीतर गारठायची. माईंना दमा! त्या थंडीत दोनदा त्यांचा जीव कासावीस झाला होता.

त्यांचे मुंबईचे पुतणे वसंतराव येऊन बसले होते. "रविवारपर्यंत ऊब एकसारखी राहिली तर ठीक. नाहीतर काकू, तुम्ही माझ्याबरोबर चला, बंगला विकून टाकू." त्यांनी माईंची वळकटीसुद्धा बांधून ठेवली होती.

बॉयलरच्या कामासाठी वसंतरावांनी मला बोलावून घेतलं होतं; माईंनी मला दारातच गाठलं. "शंकर, मुंबईच्या दमट हवेत मी महिनाभर टिकायची नाही रे. मला इथंच राहायचंय. काहीतरी कर."

वसंतरावांनी पुण्याहून, लष्कराच्या मोडीत निघालेल्या मालातून दोन थर्मोस्टॅट आणले होते. भिंतीवर लावायचे डबे. खोली गार झाली की डबा तारेवरून खालच्या छोट्या मोटरला कळवणार, मोटर भट्टीच्या हवेचं झाकण उघडणार, ऊब पुरली की मिटणार. एक डबा चकचकीत, नुसता श्वास सोडला तरी टिक् करणारा. दुसरा तपकिरी, जाडजूड आणि ढिम्म. मुठीत धरून बसलं तरी बराच वेळ हूं की चूं करायचा नाही.

"आवं, ह्यात इचारायचं काय?" मी म्हणालो. "चपळ हाय त्योच लावायचा. ह्यो दुसरा म्हंजे जेवून पसरलेला पाव्हणा हाय."

माई हसल्या, खोकल्या आणि परत हसल्या.

शनिवारची दुपार. कामासाठी भट्टी आदल्या दिवसापासून विझवलेली, पाइप थंडगार. मी चकचकीत डबा भिंतीला लावला, स्क्रूला दोन फेरे दिले... आणि शेजारचा रेडिएटर वाजला. ठक्. ठक्. ठक्.

आता इथं एक सांगायला हवं. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून आम्ही पाइपवर स्पॅनर ठोकून बोलायचो. एक ठोका म्हणजे 'बरोबर, वाफ सोड', दोन म्हणजे 'बंद कर', तीन म्हणजे 'हात काढ, चुकतंय'. ही रीत आमच्या वस्तादांनी, दगडूमिस्त्रींनी घालून दिलेली. आमच्या बॉयलरखात्याबाहेर ती कुणाला ठाऊक नव्हती.

सवयीनं माझा हात निघालाच. "वसंतराव, चेष्टा करता व्हय?"

पण ते तर माझ्या शेजारीच, स्क्रू धरून उभे! तळघराची किल्ली माझ्या खिशात. धावत खाली गेलो. कुलूप जसंच्या तसं, आत चिटपाखरू नाही, बॉयलरला हात लावला तर गार. वर येऊन पुन्हा तोच डबा टेकवला. पुन्हा तीन ठोके, आणि असे जोरात की माईंची कपबशी थरथरली.

मी भडकलो. "कोण हाय रं? म्होरं ये की गड्या!"

माई मात्र शांत. "अरे, एवढं कुणी कळकळीनं सांगतंय तर दुसरा लावून बघ ना!"

तपकिरी डबा भिंतीला टेकवला. एकच ठोका... मग सगळं गप्प.

तोच लावला. भट्टी पेटवली. रविवारी दिवसभर वसंतराव तापमापक घेऊन पहारेकऱ्यासारखे खोलीत फिरले, पण पारा जागचा फारसा हलेना. माईंचा श्वास मोकळा चालला होता. संध्याकाळी वसंतराव हसून म्हणाले, "काकू, हरलो मी." माईंनी स्वतः वळकटीची दोरी सोडली. गाठ सुटेना, तरी कुणाला हात लावू देईनात.

पुढं पुण्याच्या एका इंजिनियरनं मला समजावलं. वाफ नळ्यांत पोचायला वेळ लागतो. जवळची नळी जरा तापताच, बाकीच्यांत ती पोचायच्या आतच चपळ डब्यानं झाकण मिटवलं असतं आणि माई काकडल्या असत्या. वाफेच्या घराला ढिम्मच डबा हवा. ठोक्यांचं विचारल्यावर तो म्हणाला, "पाइप निवताना वाजतात." अहो, पण दिवसभर गार पडलेला पाइप? आणि तोही मोजून?

बरं, वस्ताद वारलेले असते तर भूत म्हणून तरी मी मोकळा झालो असतो! ते तर धडधाकट होते, त्या दुपारी फलटणला पाळीवर होते. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "हात काढलास न्हवं? मग झालं."

मला आजही याचा उलगडा झालेला नाही. माई त्या घरात आणखी बारा हिवाळे राहिल्या. दरवर्षी भट्टी पेटवायला मीच जायचो, आणि पेटवण्याआधी थंड पाइपाला कान लावून बसायचो. पुन्हा एकदाही काही वाजलं नाही. खरं सांगतो, लय वाईट वाटायचं.