उरलेली त्रेचाळीस पानं

‘आधी कोपऱ्यावर.’

हे आमच्या संग्रहालयातल्या मॅडम दिवसातून किमान पाच-सहा वेळा म्हणायच्या. मी एकदा आठवडाभर मोजून पाहिलं, म्हणून सांगतो. कागद, कापड, रंग, काहीही हातात आलं की त्याच्या एका कोपऱ्यावर, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, द्रावकाचा एक थेंब टाकायचा, टीपकागद दाबायचा आणि वाट पाहायची. रंग सुटला नाही, शाई पसरली नाही, तरच पुढचं पाऊल. संग्रहालयातल्या वस्तूंची निगा राखणारी माणसं जगभर हेच करतात, असं त्यांनी मला सांगितलं होतं. पण आमटीवर हा प्रयोग करणाऱ्या मी पाहिलेल्या त्या एकट्याच.

कोलकात्यात, बेहाल्याला आमच्या घरी त्या पहिल्यांदा जेवायला आल्या, तेव्हा ताटाच्या कडेला आमटीचा एक थेंब घेतला, करंगळीने चाखला आणि मगच भातावर वाढून घेतली. बायको बघतच राहिली. ‘अहो ताई, विष नाही घातलेलं त्यात!’

‘सवय हो,’ त्या ओशाळून म्हणाल्या. ‘नवीन चपलासुद्धा मी आधी एका पायात घालून गच्चीवर फिरते.’

तुमच्याही कचेरीत अशी एखादी व्यक्ती असेल, जिचं काम नक्की काय ते कुणाला माहीत नसतं, पण तिच्या खोलीवरून जाताना सगळे आवाज खाली आणतात. आमच्याकडे त्या तशा होत्या. मी बदलीवर कोलकात्याला आलो तो प्रशासन अधिकारी म्हणून. मला वस्तूंमधलं काही कळत नाही. मला रजेचे अर्ज, साठ्याच्या नोंदवह्या आणि नियम कळतात. त्या मूळच्या साताऱ्याच्या. सत्ताविसाव्या वर्षी दोन वर्षांच्या नेमणुकीवर इथे आल्या होत्या. मी त्यांना भेटलो तेव्हा त्यांना सत्तावन्न पुरी झाली होती.

त्यांच्या प्रयोगशाळेच्या टोकाला एक छोटी खोली आहे. दहा फूट बाय आठ. खिडकी नाही. भिंतीत वाफ बाहेर ओढणारा एक पंखा, आणि दार आपोआप बंद होणारं, कारण आत अ‍ॅसिटोन, चटकन पेट घेणारा द्रावक, उघडा असतो. दाराला वहीएवढी काच आहे. त्या आत असल्या की तोंडावर मुखवटा, हातात मोजे, आणि आपण बाहेरून काचेवर टकटक करायची. मग त्या बोटांनी सांगायच्या: पाच मिनिटं, दहा मिनिटं. दोन्ही हातांची दहाही बोटं दोनदा उघडली की आपण परत जायचं. शिपाई म्हणायचा, ‘दीदी मत्स्यालयात आहेत.’

मी त्या खोलीपर्यंत पोचलो तो तक्रार घेऊनच. साठ्याच्या नोंदवहीत दिसत होतं की तीन महिन्यांत अठरा लिटर अ‍ॅसिटोन संपला. बाकी साऱ्या विभागांचा मिळून चार लिटर. मी विचारलं, ‘मॅडम, हा एवढा जातो कुठे?’

त्यांनी एक पेटी उघडली. व्हिनेगरचा वास आला, लोणच्याची बरणी उघडल्यासारखा. आत एक कागद होता, पिवळट चकचकीत पापुद्र्यात बंद केलेला, कडांनी आत वळत चाललेला. हुगळी नदीच्या खोलीच्या जुन्या हस्तलिखित वहीतलं ते एक पान होतं. रोज सकाळी होडीतून माप टाकायचं आणि लिहायचं. गार्डन रीचसमोर साडेचार वाव, म्हणजे सत्तावीस फूट. पुढच्या वळणावर तीन. वाळूचा दांडा सरकला. अशी वर्षानुवर्षांची चारशे बारा पानं. नदी कशी गाळाने भरत गेली याचा अभ्यास करणारे लोक आजही ती मागतात. मला ती पाहताक्षणी आवडली. कुणीतरी एकही दिवस न चुकवता आकडे लिहिले होते.

‘हा पापुद्रा कुणी चढवला?’ मी विचारलं.

‘मी.’

त्या काळी ती पद्धतच होती. जीर्ण कागदाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक अ‍ॅसिटेटचा पापुद्रा लावायचा आणि अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने चिकटवून टाकायचा. कागद मजबूत होतो, हाताळता येतो. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी अकरा महिन्यांत चारशे बारा पानं पूर्ण केली. शाबासकीचं पत्र मिळालं. अठरा वर्षांनी कपाटातून वास येऊ लागला. पापुद्रा सडत होता, आंबट होत होता, आकसत होता आणि आकसताना आतला कागद आणि शाई दोन्ही सोबत ओढत होता.

मी न राहवून विचारलं, ‘कोपऱ्यावर पाहिलं नव्हतं?’

‘पाहिलं होतं ना. सहा आठवडे पाहिलं.’ त्यांनी पेटीचं झाकण लावलं. ‘कोपरा उत्तम होता.’

तेव्हापासून त्या तो पापुद्रा काढत होत्या. परवानगी मिळायलाच दोन वर्षं गेली होती. एक पान म्हणजे आधी शाईची परीक्षा, मग अ‍ॅसिटोनच्या तबकात भिजवणं, तबक बदलून पुन्हा, पुन्हा, मग सुटलेला पापुद्रा चिमट्याने मिलिमीटर-मिलिमीटर उचलणं, सुकवणं, आम्ल काढणं, जपानी कागदाचा आधार देणं. हे सगळं बाकीचं रोजचं काम सांभाळून. संचालकांपासून सगळे म्हणायचे, अहो, त्या काळी सगळ्यांनीच तसं केलं, तुमचा काय दोष? त्या म्हणायच्या, ‘सगळ्यांनी केलं. ही चारशे बारा मी केली.’

त्या दिवशी जागेवर परत आल्यावर मी हिशेब मांडला. मला ते टाळता येत नाही. नऊ वर्षांत दोनशे त्र्याऐंशी पानं झालेली. उरली एकशे एकोणतीस. निवृत्तीला महिने चौतीस. त्यांचा वेग महिन्याला दोन पूर्णांक बासष्ट. म्हणजे एकोणनव्वद होतील, चाळीस राहतील. हा कागद मी घडी करून खणात टाकला आणि त्यांना काही बोललो नाही. त्यांना तो आकडा माझ्याआधीपासून ठाऊक होता, हे मला पुढे कळलं.

त्यांना या गावातून सुटायची संधी आली नव्हती असं नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने प्रमुखपद देऊ केलं होतं. साताऱ्यापासून अडीच-तीन तास. वडील तेव्हा नुकतेच गेले होते, आई एकटी. त्यांनी नकार कळवला. नंतर आईने अंथरूण धरलं. भाऊ आईला घेऊन राहायचा आणि दर रविवारी फोन करायचा. एकदा त्या आमच्याकडे असतानाच फोन आला. आवाज इतका मोठा होता की मला ऐकू आला.

‘ताई, कागद आहेत गं ते. आई माणूस आहे.’

‘हो रे.’

‘हो रे काय? किती वर्षं हो रे?’

त्यांनी फोन ठेवला आणि बायकोला म्हणाल्या, ‘तुमच्या पोह्यांत लिंबू जरा जास्त झालंय.’ पोह्यांत लिंबू नव्हतंच. त्या दिवशी घरात मिळालं नव्हतं.

वर्षातून दोनदा त्या साताऱ्याला जायच्या, दहा-दहा दिवस. आई पहिल्याच दिवशी विचारायची, ‘किती दिवसांची रजा?’ एरवी आईला नावं आठवत नसत, पण हा प्रश्न रोज सकाळी नेमका आठवायचा. हे सांगताना त्या हसायच्या. हसून झालं की हाताचे तळवे पाहायच्या. अ‍ॅसिटोनने कातडी कोरडी पडून भेगाळली होती.

डोकं दुखायचं तेही त्या लपवायच्या. वाफ ओढणारा पंखा जुना होता. नव्याची मागणी त्यांनी केली, तेव्हा ती मीच दोनदा परत पाठवली. एकदा तांत्रिक वर्णन अपुरं होतं, एकदा तीनऐवजी दोनच निविदा होत्या. दोन्ही वेळा मी नियमाने बरोबर होतो. तिसऱ्यांदा ती मंजूर होईपर्यंत पंखा एक महिना पूर्ण बंद पडला, आणि एका दुपारी शिपायाला मॅडम त्या खोलीबाहेर भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. डॉक्टरांनी महिनाभर द्रावकापासून लांब राहायला सांगितलं.

मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं म्हणजे मी नियम करतो. मी परिपत्रक काढलं: द्रावकाच्या खोलीत एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त थांबू नये, पंखा बंद असताना जाऊ नये, आणि कलम सातप्रमाणे, नियमित कर्मचाऱ्याखेरीज कुणीही तिथे प्रवेश करू नये. त्यांच्याच काळजीपोटी. त्यांनी सही करून परत दिलं. ‘छान लिहिलंय साहेब. कुठे फटच नाही.’

शेवटचं वर्ष लागलं तेव्हा मी धीर करून म्हणालो, ‘मॅडम, तबक मोठं घेतलं आणि एका वेळी चार पानं भिजवली तर? मी हिशेब केलाय. दोन महिने आधीच संपतील.’

त्यांनी चष्मा काढला. ‘अकरा महिन्यांत चारशे बारा झाली होती, साहेब. तो वेगही सगळ्यांना फार आवडला होता.’

‘पण मग राहतील ना.’

‘राहतील.’ चष्मा पुन्हा लावून, ‘चाळीस. ते मला आधीपासूनच ठाऊक होतं, आणि तुमच्या खणातला कागदही तेच म्हणतो. मागे शिपाई स्टेपलर शोधत होता, त्याला सापडला.’

मी मुदतवाढीची टिप्पणी लिहिली. चार पानी. आकडे, तक्ता, सगळं. ती एका ओळीने परत आली: पद रीतसर भरण्यात येईल. मग त्याच म्हणाल्या, निवृत्तीनंतर मी रोज येईन, हजेरी नको, पगार नको, फक्त खोली वापरू द्या. आम्ही दोघं संचालकांकडे गेलो. संचालक भले गृहस्थ आहेत. त्यांनी फाईल मागवली, चाळली आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘हे कलम सात कुणाचं?’

मी खाली पाहिलं. त्या माझ्या आधी बोलल्या. ‘कलम बरोबर आहे, सर. आगीचा धोका असतो.’

बाहेर जिन्यात त्या थांबल्या. कठड्याला धरून खालच्या बागेकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रागवतील. मी त्याची तयारीही केली होती. त्या म्हणाल्या, ‘तीस वर्षं वाटत होतं, त्या खोलीतून एकदा सुटले की बरं. आणि बघा.’

शेवटच्या दिवशी त्रेचाळीस पानं उरली. माझा अंदाज तीन पानांनी चुकला. ती तीन त्या बंद पंख्याच्या महिन्यात गेली.

समारंभ, शाल, नारळ, रसगुल्ले झाले. मग त्या मला थंड कपाटापाशी घेऊन गेल्या. नवीन माणूस येईपर्यंत पदभार माझ्याकडे होता. त्यांनी पेटीत ठेवायच्या कागदाच्या छोट्या पट्ट्या दाखवल्या. पापुद्र्यातून सुटणारं आम्ल त्या पट्टीचा रंग बदलतं. निळी असेल तर शून्य, हिरवी झाली तर एक, पूर्ण पिवळी म्हणजे तीन.

‘आज एक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘थंडीत ठेवल्याने हळू चढेल. दीडपर्यंत काळजी नाही. दोन झालं की मात्र मग ते थांबत नाही. शाई सुटायला लागते. दर सोमवारी बघा आणि मला सांगा.’

‘सांगेन.’

‘उजेडात न्या पट्टी. ट्यूबलाइटखाली सगळं हिरवंच दिसतं.’

मग त्यांनी खोलीची किल्ली दिली. सहीसाठी मी नोंदवही पुढे केली. त्यांनी सही केली, वेळ लिहिली, पाच वाजून दहा मिनिटं, आणि शिपायाला म्हणाल्या, ‘येते रे.’ तो म्हणाला, ‘दीदी, उद्या काय करणार?’ त्या म्हणाल्या, ‘उद्याचं तिकीट आहे.’

आता सात महिने झाले. पद भरलेलं नाही. जाहिरातीचा मसुदा दोन वेळा दुरुस्तीसाठी परत आला, दोन्ही दुरुस्त्या योग्य होत्या. द्रावकाच्या खोलीला कुलूप आहे. कपाटात सहा लिटर अ‍ॅसिटोन आहे, नवा पंखा चालू आहे, आणि तबकं शिपाई पुसून ठेवतो. मी त्यांना काम करताना काचेतून इतक्यांदा पाहिलं आहे, की कुठल्या क्षणी चिमटा उचलायचा तेही मला ठाऊक आहे. पण मी हात लावायचा नाही, आणि लावणारही नाही. दर सोमवारी अकरा वाजता मी पट्टी बदलतो, खिडकीपाशी नेतो, आकडा लिहितो आणि साताऱ्याला फोन करतो. त्या पहिल्या रिंगला उचलतात. मागे आईचा आवाज असतो. आई अजून रोज विचारते, किती दिवसांची रजा. त्या सांगतात, भरपूर आहे.

गेल्या सोमवारी पट्टी पिवळी पडत आली होती, हिरवं जवळपास उरलंच नव्हतं. मी तिच्यासोबतचा रंगांचा तक्ता तीनदा जुळवून पाहिला. शिपायालाही दाखवला. मग नोंदवहीत लिहिलं आणि फोन लावला.

‘किती?’ त्यांनी विचारलं.

‘दीड,’ मी म्हणालो.

नोकरीच्या सव्वीस वर्षांत मी चुकीचा आकडा कुणाला सांगितला नव्हता.

त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘आणि वहीत किती लिहिलंत?’

नोंदवही समोर उघडी होती, शाई नुकतीच सुकली होती.

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘ठेवते हं. आईला कुशीवर वळवायचंय.’