साडूभाऊंचा धबधबा

भीमेच्या दोन्ही काठांवर मिळून आमच्या साडूभाऊंइतका उशिराचा अभ्यास केलेला माणूस दुसरा सापडणार नाही. उशीर आपण सगळेच करतो. पण झालेला उशीर नेमका कुठे झाला, कोणामुळे झाला आणि तेवढ्या वेळात बाकीचे कोणाची वाट पाहत बसले होते, हे रोज सकाळी सहाला कागदावर उतरवणारे ते एकटेच.

मांडवगण फराट्याला त्यांचा ऊस आहे. नदीवरून एकाच मोटरीने पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्यांचा तिथे एक गट आहे, आणि त्या गटाची वेबसाइट साडूभाऊंनी स्वतः शिकून बनवली. आज पाण्याची पाळी कोणाची, एवढंच तिच्यावर बघायचं. कोपऱ्यात एक निळा थेंब टपकत असायचा. तो हलता थेंब त्यांनी आठ दिवस खपून काढला होता आणि आल्यागेल्या प्रत्येकाला ते तो दाखवत. पण त्यांचा खरा जीव होता धबधब्यावर. वेबसाइट उघडताना तिच्यातली अक्षरं, चित्रं, पाळीचा तक्ता असं एकेक येत असतं. प्रत्येकाची एक आडवी दांडी. जितका वेळ लागला तितकी ती लांब. एक सरकली की तिच्याखाली जरा उजवीकडे दुसरी, अशा त्या पायऱ्यांनी खाली उतरतात. याला वॉटरफॉल चार्ट म्हणतात. साडूभाऊ सरळ धबधबा म्हणत. "पाटाच्या पाण्यावानीच हाय बगा, पाव्हणं. वरच्याचं रान भिजल्याबिगर खालच्याला मिळत न्हाई. मंग खालचा वरडतोय, पन त्याला म्हाईत नसतंय की वर कोन झोपलाय." रोजचा धबधबा छापून ते शिरूरहून आणलेल्या लांबड्या वहीत चिकटवत, आणि आजचं पान मागच्या महिन्याच्या पानावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरत. एखादी दांडी पेराएवढी वाढली असली, तर त्या दिवशी उसाकडे कोणी बघायचं नाही.

ही नजर मग घरभर फिरू लागली. सकाळचा चहा उशिरा का होतो, याचा त्यांनी धबधबा काढला. दूध गॅससाठी थांबलेलं, गॅस लायटरसाठी, आणि लायटरची दांडी सगळ्यांत लांब, कारण तो हुडकावा लागे. त्यांनी लायटर सुतळीने शेगडीला बांधून टाकला. आमच्या मोठ्या मेहुणीने, म्हणजे अक्कांनी, तो कागद नीट पाहिला आणि विचारलं, "आन् कप इसळायची दांडी कुनाची? ती दिसंना कुठं." दुसऱ्या दिवसापासून साडूभाऊ कप विसळू लागले. माझ्या मुलीच्या दौंडच्या लग्नात तर ते व्याह्यांना भेटायचं सोडून जेवणाच्या रांगेपाशी घड्याळ घेऊन उभे राहिले. रांग कुठे तुंबते, तर पापडाशी. "पापडापाशी मानूस इचार करतोय," म्हणाले, आणि पापडाची परात उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. वऱ्हाड इतक्या झपाट्याने जेवलं की आइस्क्रीमवाला अजून वाटेतच होता.

त्याच लग्नात माझा फेटा बांधलेला एक फोटो निघाला. इथून पुढे मला कबुलीच द्यायची आहे. मी दौंडला शाळेत कारकून. गटाच्या सूचनांचं शुद्धलेखन तपासायला म्हणून साडूभाऊंनी मला वेबसाइटचा पासवर्ड दिलेला. आयुष्यात माझा फोटो ओळखपत्राखेरीज कुठे लागला नव्हता. एका दुपारी मोह झाला आणि फोटोग्राफरने दिलेला तो अख्खा फोटो मी पानाच्या अगदी तळाशी, दिसायला पोस्टाच्या तिकिटाएवढा करून चढवला. खाली लिहिलं, 'मार्गदर्शक'. मला कोणी नेमलं नव्हतं.

चारच दिवसांत साडूभाऊंना वडगाव रासाईच्या आबांचा फोन आला. आबा गटातले सगळ्यांत वयस्कर, आणि नदीकाठी रेंज बेताची. "पान उघडंस्तवर माझी पाळी निगून जाती. म्होरल्या बैठकीत माझ्या मोबाइलवर पाच आकडे मोजीन. तवर उघडलं तर ठीक, न्हाईतर ऱ्हाऊ द्या तुमचं कंप्युटर, आपली फोनाफोनी बरी." साडूभाऊंचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. चहा पिता पिता, कपाकडे बघत ते मला म्हणाले, "एकांदा फोटो दिसतो तिकिटाएवढा, पन येतो उसाच्या ट्रॉलीएवढा. समद्यांची वाट आडवून." मी हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं. गुपचूप काढून टाकावा, तर उद्याच्या धबधब्यात एक दांडी कमी दिसणार आणि चोरी उजेडात येणार. मी गप्प बसलो. महिनाभर बसलो. ते मात्र रोज काही ना काही उपसत होते. आधी नक्षीदार अक्षरं गेली, मग गटाचं बोधचिन्ह, मग कडेची वेलबुट्टी.

बैठक नदीवरच्या मोटरघरापाशी भरली. आबांनी मोबाइल हातभर लांब धरला आणि मोठ्याने आकडे मोजले. चारावर तक्ता उघडला. कोणीतरी साडूभाऊंच्या पाठीवर थाप मारली. आबा अजून पडद्याकडेच बघत होते. "उघडलं खरं. पन त्यो थेंब कुठं गेला रं?"

"आटला, आबा," साडूभाऊ म्हणाले.

परतताना गाडीवर त्यांच्या मागे बसून, त्यांच्या पाठीला मी सगळं सांगून टाकलं. घरी आल्यावर त्यांनी वही काढली आणि मी फोटो चढवला त्या दिवसाचं पान उघडलं. दांड्यांच्या डावीकडे बारीक अक्षरांत प्रत्येकीचं नाव छापलेलं असतं, हे इतक्या वर्षांत मी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांत लांब दांडीला हिरव्या पेन्सिलीने गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं: 'पाव्हणं. ऱ्हाऊ द्या.' पुढच्या प्रत्येक पानावर तोच गोल होता.

"पोरीच्या लग्नात तुमास्नी पयल्यांदाच आसं हसल्यालं बगितलं," ते म्हणाले. "काढायला हात व्हईना."

तो फोटो वजनाला हलका कसा करायचा, हे मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडून शिकलो. आता माझी दांडी तांदळाच्या दाण्याएवढी आहे. थेंब परत आणा, म्हणून मी मागे लागलो, तर म्हणाले, "आबांचा नवा मोबाइल यिऊ द्या, मंग बगू." माझी नदीवर ना मोटर, ना पाळी. तरी रोज सकाळी शाळेत निघण्याआधी मी ते पान उघडतो. तीन आकड्यांत येतं. मग त्या रिकाम्या कोपऱ्याकडे मी जरा वेळ बघत राहतो, आणि शाळेत पोचायला मला रोज थोडा उशीर होतो.