हाड धरेपर्यंत

सौसरहून फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या घरी कणीक मळत होते. "विजू गेले, ताई..." एवढंच सुनंदाला बोलता आलं. विजू माझा मामेभाऊ, दातांचा डॉक्टर. सुनंदा त्याची बायको. सकाळी दवाखाना उघडला आणि पेशंटच्या खुर्चीजवळच कोसळला. सांगायला लाज वाटते, पण रडू फुटायच्या आधी माझी जीभ डाव्या दाढेच्या जागी गेली. तिथे त्यानं नुकताच इम्प्लांटचा स्क्रू बसवला होता, आणि हाडानं तो धरला की नाही हे सांगणारा माणूसच आता नव्हता.

मी लहानपणापासून भित्री. विजूला ते ठाऊक होतं, म्हणून बसवायच्या आधी त्यानं दोन स्क्रू माझ्या तळहातावर ठेवले. एक चकचकीत, दुसरा राखाडी, खरखरीत. "चकचकीत दिसायले चांगला, पण हाडाले धरायले काही भेटत नाही त्याच्यात. हा मुद्दाम खरखरीत केला." मी विचारलं, हाडासारख्या पदार्थाचा लेप दिलेले अजून चांगले ना? तो म्हणाला, "आईचा आठवते न तुले?" मामीच्या जबड्यात त्यानंच, नवानवा शिकून आला तेव्हा, जाड लेपाचा स्क्रू मोठ्या हौसेनं बसवला होता. हाडानं लेपाला छान धरलं. पण काही वर्षांनी लेपच स्क्रूवरून सुटला आणि एका दुपारी भाकरी खाताना दात स्क्रूसकट मामीच्या हातात आला. मामी हसली. विजू हसला नाही. "आता लेप पातळ अन् पक्के येतात, पण मले अजून भेव लागते," तो म्हणाला. डॉक्टरच असं म्हणाल्यावर माझं काय होणार!

बसवून झाल्यावर त्यानं बजावलं, "आता घट्ट वाटते न? ते निस्ती आट्यांची पकड. मंग ते ढिली होते, अन् हाडाची पकड हळूहळू येते. मधले आठवडे लय नाजूक. जीभ लावून पाहू नको. संत्र्याची कलम बांधली का रोज पट्टी सोडून पाहतो का आपण?" पाहतो. आमच्या घरी सगळेच चोरून पाहायचे आणि बाबांच्या शिव्या खायचे.

विजू गेला तो नेमका त्या मधल्या आठवड्यांत. शिंक आली तरी मी जबडा हातानं धरायची. चहाचा घोट घेतला की वाटायचं, हलला... त्याच्या फोटोसमोर बसले तरी जीभ तिकडेच. भाऊ गेल्याचं दुःख कुठलं आणि ही भीती कुठली, मला वेगळं करता येईना.

गेल्या आठवड्यात सुनंदानं बोलावलं. दवाखान्यात आता नागपूरच्या एक डॉक्टरबाई येतात. विजू दात पाहायच्या छोट्या आरशाच्या दांडीनं स्क्रूवर टिचकी मारायचा; आवाज खणखणीत आला तर धरला, बद्द आला तर सुटला. ऐकू यावं म्हणून आधी पंखा बंद करायचा आणि स्वतःचा श्वासही रोखायचा. मी डोळे मिटून, खुर्चीचे हात आवळून बसले. डॉक्टरबाईंनी आरसा उचलला, आणि पंख्याची घरघर थांबली. डोळे उघडले तर बटणावर सुनंदाचा हात. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

टण्ण...

"धरलं, ताई," डॉक्टरबाईंच्या आधी सुनंदाच म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी लहान पोरीसारखी रडले. पंखा बराच वेळ कोणी लावला नाही.